भांडारी बसवेश्वर

महात्मा बसवेश्वरांना आपण संत म्हणून आणि वचनकार म्हणून ओळखतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. त्यामुळे असेल कदाचित, पण मला त्यांच्यातील हिशेबनीस अधिक जवळचा वाटतो.

आजच्या विजयपूर जिल्ह्यातील बागेवाडी येथे एका ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. जन्मसाल सामान्यतः ११३१ मानतात. काही अभ्यासक ते ११०५ धरतात. बहीण नागम्मा हिला जी मुंज नाही, ती मलाही नको, असे ठरवून त्यांनी घर सोडले, अशी परंपरा आहे. कृष्णा-मलप्रभेच्या काठी कूडलसंगम येथे त्यांचे अध्ययन झाले. पुढे ते मंगळवेढ्यास आले. चोखोबा आणि दामाजीपंत यांच्यामुळे आपल्याला परिचित असलेले हे गाव त्या काळी कलचुरी राजा बिज्जळाचे ठाणे होते. तेथे बसवेश्वरांनी हिशेब लिहिण्याच्या कामापासून सुरुवात केली. बिज्जळाने चालुक्यांचे सिंहासन बळकावले आणि कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही त्याची राजधानी झाली. बसवेश्वर त्याच्या भांडाराचे प्रमुख झाले.

अधिकार हाती येताच धर्म देवघरात ठेवून कचेरीत जावे, असे त्यांनी केले नाही. प्रामाणिक कष्ट हीच पूजा, याला त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कायक म्हटले. आणि गरजेपुरते ठेवून उरलेले समाजाला अर्पण करणे, याला दासोह. सांडलेले तांदूळ वेचणाऱ्या मारय्याने एके दिवशी जास्त तांदूळ आणले, तेव्हा पत्नी लक्कम्माने ते परत ठेवून यायला लावले, अशी कथा आहे. खुद्द बसवेश्वरांवर खजिन्यातील पैसा भक्तांवर उधळल्याचा आरोप झाला. पण मोजदाद करता एक नाणेही कमी भरले नाही, असे पुराणकार सांगतात.

देवळात ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांच्या तळहातावर इष्टलिंग आले. पुजाऱ्याची गरजच उरली नाही. अनुभव मंटपात अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखाली मडिवाळ माचिदेव, नावाडी चौडय्या आणि अक्कमहादेवी एकत्र बसून चर्चा करीत, आणि तीही लोकांच्या कन्नड भाषेत.

येथवर राजाने सहन केले. पण चर्मकार हरळय्या याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरस याची मुलगी यांचा विवाह झाला, तेव्हा सनातनी मंडळी खवळली. बिज्जळाने दोन्ही पित्यांना देहदंड दिला. राजाला बसवेश्वरांचा चोख हिशेब हवा होता, त्या हिशेबामागची समता मात्र नको होती. बसवेश्वर अधिकार सोडून कूडलसंगमास निघून गेले. ११६७ च्या सुमारास बिज्जळाचा खून झाला, शरण विखुरले आणि त्याच सुमारास बसवेश्वरही संगमी लीन झाले.

त्यांचा पराभव झाला असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. राज्य बुडाले, भांडार रिकामे झाले. परंतु जपून नेलेली वचने आठशे वर्षांनंतरही वाचली जातात. श्रद्धा खरी आहे की नाही, हे माणूस खुर्चीवर बसल्यावर कसा वागतो आणि ती खुर्ची केव्हा सोडतो, यावरून कळते. उद्या बँकेत, कचेरीत वा दुकानात हिशेबाची वही आपल्यापुढे येईल, तेव्हा या भांडाऱ्याची आठवण आपण ठेवावी.