आगकाड्या नाचविणारे दादासाहेब फाळके

चुलीजवळच्या फडताळात किंवा देवघरातील समईशेजारी पडलेल्या काडेपेटीकडे कोणी मुद्दाम कौतुकाने पाहत नाही. काडी ओढावी, दिवा लावावा आणि जळके टोक फेकून द्यावे, एवढाच तिचा आणि आपला संबंध. परंतु १९१५ साली अशाच साध्या आगकाड्या चित्रपटाच्या पडद्यावर जिवंत होऊन आपल्या आपण हालूचालू लागल्या. कोणाचा हात दिसत नव्हता, की दोरा दिसत नव्हता. त्या छोट्या चित्रपटाचे नाव 'आगकाड्यांची मौज' आणि त्याचे कर्ते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच आपणा सर्वांस परिचित असलेले दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटामुळे त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणतात, हे शाळेतील लहान मुलासही ठाऊक असते. आगकाड्यांची गोष्ट मात्र फारसे कोणी सांगत नाही. म्हणून या थोर पुरुषाचे चरित्र येथे त्या आगकाड्यांच्या बाजूने सांगावयाचे योजिले आहे.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. पुढे त्यांना मुंबईस महाविद्यालयात अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब तेथे आले. शास्त्रीबुवांच्या या मुलाने पोथ्या हाती घ्याव्यात अशी घरची अपेक्षा असल्यास नवल नाही, पण त्याचा ओढा रंग आणि रेषा यांच्याकडे होता. १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथील शिक्षण आटोपून तो वडील बंधूंसमवेत बडोद्यास गेला आणि सयाजीराव महाराजांच्या राज्यातील प्रसिद्ध कलाभवनात शिकू लागला. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे आणि वास्तुरचना यांपैकी जे समोर येई ते तो तन्मयतेने आत्मसात करी.

यापुढील वीस वर्षांत या गृहस्थांनी किती व्यवसाय धरले आणि सोडले! गोध्र्यास छायाचित्रकाराचे दुकान थाटले. तेथेच प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी व मूल दगावले. पुढे १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे सासरचे नाव सरस्वतीबाई. या बाईंचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढील कथेत तिचा वाटा मोठा आहे. मध्यंतरी दादासाहेबांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, रंगभूमीचे पडदे रंगविले, राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या शिळाछापाचे काम केले आणि स्वतःचा छापखाना काढून यंत्रसामग्री आणण्यासाठी जर्मनीचा प्रवासही केला. याच भटकंतीत ते जादूचे प्रयोग करावयास शिकले. रंगमंचावर ते 'प्रोफेसर केळफा' या नावाने उभे राहत. फाळके हे आडनाव उलट वाचून पाहिले म्हणजे या परदेशी वाटणाऱ्या प्रोफेसरांचा उलगडा होतो! त्यांच्या बहुतेक चरित्रांत ही जादूगिरी गमतीचा विषय म्हणून दोन ओळींत संपते. आमच्या मते ती त्यांच्या कलेच्या मुळाशी आहे. प्रेक्षकाची नजर कोठे खिळते आणि केव्हा फसते, याचे ज्ञान त्यांना तेथे मिळाले.

छापखान्याच्या भागीदारांशी मतभेद झाले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर दादासाहेब पुन्हा रिकाम्या हातांनी बाहेर पडले. अशा मनःस्थितीत असताना १९१०-११ च्या सुमारास त्यांनी गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या चित्रगृहात ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि दादासाहेबांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहत होते. त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना. घरातील चीजवस्तू विकून ते रोज चित्रपट पाहत, पाहून आल्यावर रात्र रात्र जागून प्रयोग करीत. डोळ्यांना विसावा म्हणून नव्हता. त्याचा परिणाम व्हावयाचा तो झाला. त्यांची दृष्टी अधू होत गेली आणि काही काळ तर जवळजवळ अंधत्व आले. चित्रांवर जगू पाहणाऱ्या माणसावर यापेक्षा मोठा आघात कोणता? सुदैवाने डॉक्टरांच्या उपचारांना यश आले, निरनिराळ्या चष्म्यांच्या साहाय्याने दृष्टी परतली आणि दृष्टी परतताच त्यांनी आपला विमा गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तेथे चित्रपट कसा तयार होतो हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले, 'विल्यमसन' बनावटीचा कॅमेरा विकत घेतला आणि एप्रिलमध्ये ते स्वदेशी परतले.

आता कॅमेरा होता, विद्या होती, पण द्रव्य नव्हते. चित्रपट काढतो असे म्हणणाऱ्या या चष्मेवाल्या गृहस्थावर कोणता सावकार विश्वास ठेवणार? तेव्हा दादासाहेबांनी एक विलक्षण युक्ती योजिली. एका कुंडीत त्यांनी वाटाण्याचा दाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा पक्का बसविला आणि रोज थोडे थोडे चित्रण चालविले. दाणा फुटला, कोंब वर आला, पाने उलगडली, वेल आधाराला बिलगून चढू लागला. महिनाभराहून अधिक काळ हे काम चालू होते. शेवटी ती फीत पडद्यावर दाखविली तेव्हा महिन्याभराची वाढ मिनिटाभरात प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडून गेली. 'अंकुराची वाढ' हा तो चित्रपट. तो पाहून एका परिचिताने कर्ज देऊ केले, सरस्वतीबाईंचे दागिने तारण ठेवले गेले आणि भारतीय चित्रपटाची मुहूर्तमेढ रोवली गेली. शेतकऱ्याच्या घरातील मुलांना वाटाण्याच्या दाण्याचे मोल निराळे सांगावयास नको, पण एका दाण्याने एवढे पीक दिल्याचे दुसरे उदाहरण आमच्या ऐकण्यात नाही.

यातील शास्त्र विद्यार्थ्यांनी नीट समजून घेण्याजोगे आहे. चित्रपटाच्या फितीवर हलणारे असे काहीच नसते. एकामागून एक अशी स्थिर चित्रे असतात. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रे डोळ्यांसमोरून सरकत आणि त्यामुळे आपणास गतीचा भास होई. कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवावी लागे. बहुतेक कॅमेऱ्यांत मुठीच्या एका फेऱ्यात आठ चित्रे उमटत. आता समजा, एक आगकाडी मांडली आणि एकच चित्र घेतले. मग कॅमेरा थांबविला, काडी केसभर पुढे सरकविली, हात बाजूला घेतला आणि दुसरे चित्र घेतले. असे करीत गेल्यावर फीत पडद्यावर दाखवावी, म्हणजे काडी आपल्या आपण चालू लागते. परंतु हिशेब करून पाहा. एका मिनिटाच्या मौजेसाठी ९६० चित्रे लागतात, आणि काड्या दहा असतील तर प्रत्येक चित्रापूर्वी दहाही हलवावयाच्या! एखादी काडी चुकून कलंडली, कॅमेऱ्याला धक्का लागला किंवा उजेड पालटला, की तो भाग पुन्हा पहिल्यापासून. वाटाणा निदान आपला आपण वाढत होता. आगकाडीला प्रत्येक पाऊल माणसाने टाकून द्यावे लागते.

ही कला त्या काळी जगातही बाल्यावस्थेतच होती. फ्रान्समध्ये एमिल कोल या कलावंताने १९०८ साली आगकाड्यांनाच असे सजीव केले होते. पुढे अमेरिकेत विलिस ओब्रायन याने १९३३ साली याच रीतीने लहानशा बाहुल्याचा अक्राळविक्राळ 'किंग काँग' केला. तिकडे ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन नावाचा भुताखेतांचा सण असतो. त्या दिवसांत मुले मुखवटे घालून हिंडतात आणि राक्षसांचे विनोदी चित्रपट पाहतात. १९६७ सालचा 'मॅड मॉन्स्टर पार्टी' हा त्यांतील एक आवडता चित्रपट. भुते, राक्षस आणि पिशाच्चे एका मेजवानीला जमतात अशी त्याची कथा असून त्यातील बाहुल्या जपानमधील कारागिरांनी एकेक चित्र घेऊन हालविल्या आहेत. पाहणारी मुले खदखदा हसतात. मागे किती जणांची पाठ मोडली असेल, याचा त्यांना पत्ता नसतो आणि तसा तो असूही नये.

'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. त्याची कथा सर्वश्रुत आहे. स्त्रिया काम करावयास तयार होईनात म्हणून उपाहारगृहातील आचाऱ्याचे काम करणारे साळुंके तारामती झाले. तथापि खरी कष्टाची भूमिका पडद्यावर कोठेच दिसत नाही. कंपनीतील साठसत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवीत आणि रात्री अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फितीच्या कडेला भोके पाडीत. फितीच्या त्या भोकांत यंत्राचे दात अडकतात तेव्हा ती पुढे सरकते. भारतीय चित्रपटाचा पहिला गाडा असा एका गृहिणीच्या हातांनी चालला.

त्या वर्षी फाळके कुटुंब नाशकास आले. पुढचे चित्रपट गाजले, १९१४ साली लंडनच्या जाणकारांनीही ते पाहून वाखाणले आणि तेथेच राहून चित्रपट काढण्याविषयी दादासाहेबांना विचारणा झाली. त्यांनी ती नाकारली. चित्रपटाचा धंदा आपल्या देशात रुजावा हा त्यांचा हट्ट होता. पण परत येतात तो महायुद्ध पेटले. पैसा पुरविणाऱ्यांनी हात आखडता घेतला, कच्च्या फितीची टंचाई झाली, कंपनीतील माणसांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. नुकताच रुजलेला हा धंदा त्या वर्षी मुळासकट वाळून गेला असता.

'आगकाड्यांची मौज' या चित्रपटाचे महत्त्व येथे आहे. राजवाडे नाहीत, पोशाख नाहीत, नटांचे वेतन देण्यास पैसे नाहीत, अशा काळात दादासाहेबांनी विनावेतन काम करणारे, न रुसणारे, एका पैशाच्या पेटीत मावणारे नट शोधून काढले! त्या कठीण वर्षांत त्यांनी अशा आणखी लहान लहान फिती काढल्या. काही विनोदी, काही उत्सवांच्या, काही निव्वळ चमत्कृतीच्या. 'चित्रपट कसे तयार करतात' हे दाखविणारी फीतही त्यांनी तयार केली. जादूगाराने स्वतःच आपली झोळी उलटी करून दाखवावी, तसला तो प्रकार होता.

आणि मग १९१७ साली 'लंकादहन' आला. आमच्या जामसांवलीच्या वाचकांना या चित्रपटाविषयी अधिक जिव्हाळा वाटेल. येथे श्रीहनुमंत पिंपळाखाली निजलेल्या स्थितीत विराजमान आहेत आणि सौसर, पांढुर्ण्यापासून नागपूरपर्यंतचे भाविक त्यांच्या दर्शनास येतात. दादासाहेबांचा हनुमंत मात्र पडद्यावर आकाशात झेपावला, आणि त्याचे उड्डाण पाहावयास लोकांनी अलोट गर्दी केली. मुंबईत सकाळी सातपासून मध्यरात्र उलटेपर्यंत खेळ चालत. गणपत शिंदे यांनी हनुमंताचे आणि साळुंके यांनी राम व सीता या दोहोंचे काम केले होते. १९१९ सालच्या 'कालियामर्दन' चित्रपटात दादासाहेबांची बालवयातील कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. आधी गोकुळातील खोड्या आणि मग यमुनेच्या डोहात प्रचंड कालिया. हसता हसता मुलांनी घाबरावे आणि घाबरता घाबरता हसावे, हे दादासाहेबांना हॅलोवीनवाल्यांच्या कितीतरी आधी साधले होते.

यापुढची हकीकत तितकीशी सुखाची नाही. १९१८ साली भांडवलदारांच्या साहाय्याने स्थापन झालेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत त्यांचे पटले नाही. त्यात दोष एकट्या भांडवलदारांचा होता असे म्हणवत नाही. खर्चाचा हिशेब विचारलेला दादासाहेबांना खपत नसे. कंपनी सोडून ते काशीस गेले, तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले, काही वर्षांनी परत आले. एवढ्यात बोलपट आला आणि मूकपटांचा बाजार उठला. १९३७ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, कोल्हापुरात त्यांनी 'गंगावतरण' हा बोलपट पुरा केला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. सुमारे पंचवीस वर्षांत शंभराच्या आसपास चित्रपट आणि पंचवीसहून अधिक लघुपट निर्माण करणाऱ्या या माणसाचे उतारवय नाशकात ओढग्रस्तीत गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा शासकीय पुरस्कार १९६९ पासून दिला जाऊ लागला.

त्या काळची फीत नायट्रेटची असे. ती आगकाडीहूनही लवकर पेट घेई, आणि पेटली नाही तरी वर्षानुवर्षे डब्यात पडून तिचा भुगा होई. 'राजा हरिश्चंद्र'ची एक प्रत बैलगाडीतून नेताना उन्हाच्या तापाने जळून गेली आणि दादासाहेबांना तो चित्रपट पुन्हा काढावा लागला. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जे सापडले ते जतन केले. 'हरिश्चंद्र'ची पहिली व शेवटची रिळे, 'लंकादहन'चे काही शे फूट, 'कालियामर्दन'चा बराच भाग, एवढे त्यात आहे. मंदाकिनीचा कृष्ण आजही पाहावयास मिळतो. 'आगकाड्यांची मौज' त्या डब्यांत नाही.