चित्रकार धुरंधर

थोर चित्रकार रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे झाला. १८९० साली ते मुंबईला गेले व सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथील मुख्य होते जॉन ग्रिफिथ्स. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच साहेब.

त्या काळी मुंबईत मोठमोठी बांधकामे चालली होती. कलाशाळेजवळचे बोरीबंदरचे स्टेशन नुकतेच पुरे झाले होते. त्याच्या समोर महानगरपालिकेची इमारत चढत होती, ती १८९३ साली पूर्ण झाली. म्हणजे धुरंधर शिकत होते तीच वर्षे. जाता-येता दगड घडवणारे, ओझी वाहणारे त्यांना दिसलेच असतील, असे मला वाटते.

पण शाळेत गेल्या गेल्या रंग हातात देत नसत. आधी पेन्सिल आणि कोळसा. प्लास्टरचे पुतळे बघून काढायचे, मग जिवंत माणूस समोर बसवून. तैलरंग त्यानंतर. हा रंग जवसाच्या तेलात घोटतात. होय, ज्याची आपण चटणी खातो तेच जवस! हे तेल सावकाश वाळते, त्यामुळे रंग बरेच दिवस ओला राहतो व बदलता येतो. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ करायचा, वरच्या थरात तेल जास्त. उलट केले तर चित्राला तडे जातात. जलरंगात कागदाचा पांढरा भाग राखावा लागतो. तैलरंगात भिंतीवरचे ऊन शेवटी टाकले तरी चालते.

१८९२ साली धुरंधरांच्या घरकाम करणाऱ्या बायांच्या चित्राला मुंबई आर्ट सोसायटीचे बक्षीस मिळाले, आणि १८९५ साली सुवर्णपदक. पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. देवादिकांची, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची चित्रे त्यांनी काढली. मला मात्र १९१२ सालच्या एका इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी काढलेली मुंबईच्या रस्त्यावरची माणसेच जास्त आवडतात. नवी दिल्ली बांधली जात होती तेव्हा सचिवालयातील कायदा खात्याच्या दालनासाठीही त्यांनी मोठी चित्रे केली. १९३१ साली ते निवृत्त झाले. कलाशाळेतल्या एकेचाळीस वर्षांच्या आठवणींचे पुस्तक त्यांनी लिहिले. १ जून १९४४ रोजी ते वारले. त्यांची मुलगी अंबिका हीसुद्धा चित्रकार झाली.

आमच्या गावची माणसे धान कापणी झाली की चंद्रपूरला बांधकामावर जातात. माझी मायही जाते. मागच्या वर्षी मी दहा दिवस तिच्यासोबत होते. घमेलं डोक्यावर घेऊन ती परांचीवर चढते तेव्हा मान अगदी ताठ असते अन् कंबर एका बाजूला जाते. मी ते सात वेळा काढले. इमारत पट्टीने लगेच आली, पण घमेल्यातल्या रेतीचे वजन अजून येत नाही. तैलरंग महाग, म्हणून चुलीतला कोळसा घेतला. सातवे चित्र खालच्या कोपऱ्यात लावले आहे. माय होळीला येणार आहे. तेव्हा तिला अंगणात उभी करून आठवे काढीन.

— इयत्ता ७ वीतील एक विद्यार्थिनी