म्वालिमूंचा अपुरा संसार

टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे मूळचे शिक्षक. जनता त्यांना ‘म्वालिमू’, म्हणजे गुरुजी म्हणे. केनिया-युगांडा सोबत येणार असतील तर आपले स्वातंत्र्य लांबले तरी चालेल, अशी तयारी त्यांनी १९६० मध्ये दाखवली. खुर्ची समोर असताना याला मोठे मन लागते! १९६७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय उभा राहिला. रेल्वे, बंदरे, टपाल, विमानसेवा तिघांची सामायिक. केनियालाच जास्त लाभ मिळतो ही तक्रार होतीच. त्यात हुकूमशहा इदी अमीनसोबत बसायला न्येरेरेंनी नकार दिला. १९७७ मध्ये समुदाय मोडला. पुढच्याच वर्षी अमीनचे सैन्य टांझानियात घुसले. उतारवयात न्येरेरेंनी बुरुंडीतील यादवी मिटवण्यासाठी अरुशात वाटाघाटी चालवल्या. ऑक्टोबर १९९९ मध्ये ते गेले. नोव्हेंबरमध्ये त्याच अरुशात तिन्ही देशांनी नव्या समुदायाच्या करारावर सह्या केल्या. २००७ मध्ये बुरुंडीही त्यात आला.