भगवानदादांचा ‘वनमोहिनी’: ‘अलबेला’च्या दहा वर्षे आधीचा विस्मृतीत गेलेला जंगलपट

भगवानदादा म्हटले की ‘अलबेला’ आणि त्यांचा तो संथ, डौलदार नाच आठवतो. पण त्याआधी ते कमी खर्चाच्या साहसपटांचे बादशहा होते, हे आज फारसे कुणाला माहीत नाही.

सुरुवात कशी झाली?
भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ मध्ये अमरावतीचा. वडील गिरणी कामगार. बालपण मुंबईच्या कामगार वस्तीत गेले. मूकपटांत छोटी कामे करताना ते सिनेमाचे सगळे तंत्र शिकले. १९३८ मध्ये ‘बहादूर किसान’चे त्यांनी सहदिग्दर्शन केले.

स्वस्तात सिनेमा कसा व्हायचा?
कपडेपट, कलाकारांचे जेवण, मारामारीची आखणी असे सगळे भगवानदादा स्वतः बघत. सुमारे ६५ हजार रुपयांत सिनेमा तयार होई. प्रेक्षक होता गिरणी कामगार आणि कष्टकरी. समीक्षकांनी मात्र या स्टंटपटांकडे पाठच फिरवली.

‘वनमोहिनी’ काय होता?
१९४१ चा हा तमिळ जंगलपट. दिग्दर्शक मराठी, नायक एम. के. राधा, नायिका सिलोनची तवमणी देवी. कलाकारांच्या यादीत चंद्रू नावाच्या हत्तीचेही नाव होते! संगीत होते पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांचे. हीच जोडी पुढे ‘अलबेला’त गाजली.

मग हे सिनेमे गेले कुठे?
राज कपूर यांच्या सल्ल्यावरून भगवानदादा सामाजिक चित्रपटाकडे वळले आणि १९५१ चा ‘अलबेला’ तुफान चालला. नंतरचे ‘झमेला’ आणि ‘लाबेला’ पडले. जुहूचा बंगला, सात मोटारी, स्टुडिओ सगळे गेले. गोरेगावच्या गोदामाला लागलेल्या आगीत बहुतेक चित्रपटांच्या निगेटिव्ह जळाल्या. बंगला पुन्हा बांधता आला असता. जळालेले सिनेमे परत येणार नव्हते. दादरच्या चाळीतच ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज याचे काय?
मालेगावात हौशी मंडळींनी तुटपुंज्या पैशांत ‘मालेगाव के शोले’ केला. जळगाव-धुळ्याकडेही आता अहिराणी व्हिडिओ मोबाइलवर निघतात. दिग्दर्शक, नट, कपडेपट, जेवण, सगळे एकाच्याच खांद्यावर. पद्धत भगवानदादांचीच. त्यांच्या अनुभवातून घेण्यासारखा धडा एवढाच: केलेले काम जपून ठेवा, एकापेक्षा जास्त ठिकाणी.