नाम जून पाइक

नाम जून पाइक (जन्म : २० जुलै १९३२, सोल, मृत्यू : २९ जानेवारी २००६, मायामी) हे कोरियात जन्मलेले अमेरिकन कलावंत होते. ते व्हिडिओ कलेचे जनक मानले जातात. दूरचित्रवाणी संचातील बिघाड व चित्राची विकृती यांनाच त्यांनी कलेचे साधन बनवले. त्यामुळे आजच्या ग्लिच कलेचे एक मूळ त्यांच्या प्रयोगांत सापडते.

प्रारंभिक जीवन

पाइक यांचा जन्म कापड व्यवसायातील सधन कुटुंबात झाला. १९५० साली कोरियन युद्धामुळे कुटुंबाला देश सोडावा लागला. १९५६ साली टोकियो विद्यापीठाची पदवी घेऊन ते संगीताच्या अभ्यासासाठी पश्चिम जर्मनीत गेले. तेथे १९५८ मध्ये त्यांची संगीतकार जॉन केज यांच्याशी भेट झाली आणि पुढे ते फ्लक्सस या कलाचळवळीत सामील झाले.

दूरचित्रवाणीवरील प्रयोग

मार्च १९६३ मध्ये वुपरताल येथील प्रदर्शनात पाइक यांनी अंतर्गत जोडणीत फेरफार केलेले दूरचित्रवाणी संच मांडले. वाहतुकीत बिघडलेल्या एका संचावर केवळ एक प्रकाशरेषा उमटत होती. पाइक यांनी तो दुरुस्त न करता आडवा करून ती रेषा उभी केली व त्याच स्थितीत प्रदर्शित केला.

१९६४ मध्ये ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले. 'मॅग्नेट टीव्ही' (१९६५) या कलाकृतीत संचावर मोठा लोहचुंबक ठेवलेला आहे. चित्रनलिकेतील इलेक्ट्रॉन शलाका चुंबकामुळे वळते आणि पडद्यावर वक्र आकृती उमटतात. जपानी अभियंता शुया आबे यांच्यासह त्यांनी चित्रसंकेतांचे रंग व आकार बदलणारा व्हिडिओ सिंथेसायझर तयार केला. बुद्धमूर्ती स्वतःचीच प्रतिमा पडद्यावर पाहत असल्याचे दाखवणारी 'टीव्ही बुद्ध' (१९७४) ही त्यांची विशेष प्रसिद्ध कृती होय. १९७७ मध्ये त्यांनी व्हिडिओ कलावंत शिगेको कुबोता यांच्याशी विवाह केला.

१ जानेवारी १९८४ रोजी त्यांनी न्यूयॉर्क व पॅरिस यांना उपग्रहाद्वारे जोडणारा थेट कार्यक्रम सादर केला. १९९३ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत जर्मन दालनासाठी त्यांना हान्स हाके यांच्यासह सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. १९९६ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तरीही त्यांनी काम थांबवले नाही.

अ‍ॅनालॉग प्रसारणाचा शेवट

पाइक यांच्या निधनानंतर अमेरिकेत २००९ मध्ये व दक्षिण कोरियात २०१२ मध्ये प्रमुख अ‍ॅनालॉग प्रसारण बंद झाले. भारतात दूरदर्शनची बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रे २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. त्यासोबत नांदेड-लातूरपासून मुंबईपर्यंत प्रेक्षकांच्या परिचयाच्या, छपरावरील अँटेना हलली की पडद्यावर येणाऱ्या 'मुंग्या'ही इतिहासजमा झाल्या. अ‍ॅनालॉग संकेत क्षीण झाला तरी अंधूक चित्र दिसत राहते. डिजिटल चित्र मात्र चौकटींत फुटते, गोठते किंवा नाहीसे होते.

जतनाचा प्रश्न

चित्रनलिकांचे उत्पादन जवळपास थांबल्याने पाइक यांच्या कलाकृतींचे जतन अवघड झाले आहे. सपाट पडद्यात इलेक्ट्रॉन शलाका नसल्याने 'मॅग्नेट टीव्ही'चा परिणाम त्यावर साधत नाही. दक्षिण कोरियातील ग्वाचॉन येथील 'द मोअर, द बेटर' (१९८८) हा १,००३ संचांचा मनोरा २०१८ मध्ये बंद करावा लागला. दुरुस्तीत शक्य तेथे जुन्या नलिका राखून २६६ लहान संचांना सपाट पडदे बसवण्यात आले आणि २०२२ मध्ये मनोरा पुन्हा सुरू झाला. कलाकृती म्हणजे मूळ यंत्र की त्यावर उमटणारे चित्र, हा वाद त्यामुळे संग्रहालयांपुढे उभा आहे.