सत्तेला हादरा देणारा युद्धवार्ताहर

युद्धाच्या बातम्या बहुधा सेनापतींच्या खलित्यांवरून छापल्या जात, त्या काळात लंडनच्या ‘टाइम्स’ने १८५४ मध्ये विल्यम हॉवर्ड रसेल या आयरिश वार्ताहरास क्रिमियाच्या रणभूमीवर धाडले. सेनापती लॉर्ड रॅगलन यांना त्यांची उपस्थिती खटकत होती. तरीही बालाक्लाव्हा येथील ब्रिटिश घोडदळाचा संहार रसेल यांनी डोळ्यांनी पाहून लिहिला. थंडी, उपासमार आणि कॉलऱ्याने मरणाऱ्या सैनिकांची त्यांची वर्णने वाचून इंग्लंड संतापले. त्या क्षोभात जानेवारी १८५५ मध्ये पंतप्रधान ॲबरडीन यांचे सरकार कोसळले.

१८५८ मध्ये ते भारतात आले. सर कॉलिन कॅम्पबेल यांच्या फौजेसोबत त्यांनी लखनौचा पाडाव आणि त्यानंतरची लूट पाहिली. भारतीयांवर घेतल्या जाणाऱ्या सरसकट सूडाचा त्यांनी आपल्याच देशबांधवांसमोर निषेध केला. १८६१ मध्ये अमेरिकेतील बुल रनच्या लढाईनंतर उत्तरेच्या सैन्याची पळापळ जशी दिसली तशी लिहिल्याने तिथेही रोष पत्करावा लागला. पुढील वर्षी त्यांना मायदेशी परतावे लागले.

१८९५ मध्ये ब्रिटनने त्यांना ‘सर’ हा किताब दिला. क्रिमियातील त्या वार्तापत्रांना तेव्हा चार दशके लोटली होती. १९०७ मध्ये त्यांचे निधन झाले.