नॉर्विच न सोडणारा चित्रकार

चित्रकाराला नाव कमवायचे असेल तर त्याने लंडन गाठावे, अशी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये रूढ समजूत होती. रॉयल अकादमी तेथे, धनिक ग्राहक तेथे आणि चित्रांवर लिहिणारे समीक्षकही तेथेच. या समजुतीला छेद दिला तो लंडनच्या ईशान्येस सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या नॉर्विच या विणकरांच्या शहराने. १८०५च्या उन्हाळ्यात तेथील चित्रकारांनी आपल्याच संस्थेच्या वतीने आपल्याच चित्रांचे प्रदर्शन भरविले आणि पुढे ते दरवर्षी भरू लागले. लंडनबाहेर असा नियमित उपक्रम चालविणारी ही इंग्लंडमधील पहिली संस्था मानली जाते. तिचा प्राण होता जॉन क्रोम. त्याचा मुलगाही चित्रकार निघाल्याने कलेच्या इतिहासात तो 'ओल्ड क्रोम' या नावाने ओळखला जातो.

क्रोमचा जन्म २२ डिसेंबर १७६८ रोजी नॉर्विचमध्येच एका गरीब विणकराच्या घरी झाला. शिक्षण जेमतेमच. बाराव्या वर्षी तो डॉ. रिग्बी यांच्याकडे निरोप्या म्हणून कामाला लागला. रुग्णांच्या घरी औषधाच्या बाटल्या पोचविणे हे त्याचे काम. १७८३मध्ये घोडागाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या फ्रान्सिस व्हिसलर या कारागिराकडे त्याने सात वर्षांची उमेदवारी पत्करली. रंग कसा घोटायचा, फळी कशी तयार करायची, ऊनपावसात टिकेल असा रंग कसा चढवायचा, हे तो तेथे शिकला. कलाशाळेचे तोंड त्याने कधी पाहिले नाही. त्याच्या चित्रांतील रंगांचा साधा, भक्कम थर पाहिला की ही उमेदवारी वाया गेली नाही, हे पटते.

याच काळात त्याची गाठ रॉबर्ट लॅडब्रूक या समवयस्क तरुणाशी पडली. दोघांनी मिळून एक पोटमाळा भाड्याने घेतला. लॅडब्रूक माणसांची चित्रे काढी, क्रोम निसर्गचित्रे; मिळेल त्या किमतीला ती विकायची आणि रंग-कागद आणायचे, असा क्रम होता. कुंचल्यासाठी पैसे नसत तेव्हा क्रोमने घरमालकिणीच्या मांजराचे केस कापून कुंचले केले, अशी आख्यायिका आहे. १७९२मध्ये क्रोमने फीबी बर्नी हिच्याशी विवाह केला. पुढच्याच वर्षी लॅडब्रूकने तिच्या बहिणीशी. मित्रांचे आता साडू झाले.

क्रोमला खरा गुरू भेटला तो चित्रांच्या रूपाने. नॉर्विचजवळ कॅटन येथे राहणारे थॉमस हार्वे हे हौशी चित्रकार आणि संग्राहक होते. त्यांच्या संग्रहात डच चित्रकारांची कामे होती, गेन्सबरोचे एक गाजलेले चित्रही होते. ती समोर ठेवून नकला करण्याची मुभा त्यांनी या पाट्या रंगविणाऱ्या मुलाला दिली. सतराव्या शतकातील डच चित्रकार हॉब्बेमा हा तेव्हापासून क्रोमचे दैवत झाला. हॉलंड आणि नॉरफोक यांच्यामध्ये समुद्राची एक पट्टी तेवढी आहे. दोन्हीकडे सपाट भूमी, पवनचक्क्या, संथ नद्या आणि डोक्यावर अफाट आकाश. डच चित्रांत क्रोमला आपलाच परगणा दिसला, असे म्हटले तरी चालेल.

घरखर्च मात्र शिकवण्यांवर चाले. अर्लहॅमच्या गर्नी या क्वेकर पंथीय सधन कुटुंबातील मुलींना तो चित्रकला शिकवी. तुरुंग सुधारणांसाठी पुढे विख्यात झालेली एलिझाबेथ फ्राय ही त्यांतलीच एक. याच कुटुंबाबरोबर १८०२मध्ये त्याने सरोवरांचा प्रदेश पाहिला. तरीही डोंगरदऱ्यांची भव्यता त्याला फार काळ धरून ठेवू शकली नाही.

१९ फेब्रुवारी १८०३ रोजी 'नॉर्विच सोसायटी ऑफ आर्टिस्ट्स' स्थापन झाली. सभासद एका मद्यालयात पंधरवड्यातून एकदा जमत, निबंध वाचत, वाद घालत. चित्र, शिल्प आणि वास्तुकला यांचा उगम व विकास अभ्यासायचा आणि आपले काम सुधारायचे, एवढाच हेतू. पहिल्या प्रदर्शनात सुमारे सव्वादोनशे कलाकृती मांडल्या गेल्या. काळवेळ मोठी विचारपूर्वक निवडलेली होती. ऑगस्टमध्ये फिरते न्यायाधीश न्यायसत्रासाठी शहरात येत आणि त्या आठवड्यात परगण्यातील जमीनदार, वकील, व्यापारी सहकुटुंब नॉर्विचला उतरत. दिवसा न्यायालय, रात्री नाटक-नाच, आणि मधल्या वेळेत सर बेंजामिन रेंच यांच्या नावाच्या वाड्यातील दालनात स्थानिकांची चित्रे. व्यावसायिकांच्या शेजारी त्यांचे विद्यार्थी आणि हौशी मंडळी असत. बघे पुष्कळ, घेणारे थोडे, हे दुखणे तेव्हाही होते.

१८०८मध्ये क्रोम अध्यक्ष झाला. लंडनहून परतलेला जॉन सेल कॉटमन हा अत्यंत प्रतिभावान जलरंग चित्रकारही याच सुमारास संस्थेत आला आणि १८११मध्ये अध्यक्षपदी बसला. जेम्स स्टार्क, जॉर्ज व्हिन्सेंट हे क्रोमचे शिष्य प्रदर्शनांतूनच पुढे आले. कलेतिहासात ज्याला 'नॉर्विच स्कूल' म्हणतात, ते असे एका वाड्यातील भिंतींवर घडत गेले.

पण १८१६ साली संस्थेत फूट पडली. निमित्त होते संस्थेचा निधी कशावर खर्च करावा याचे. बदल सुचविणारा होता लॅडब्रूक, आणि बहुमत त्याच्या विरोधात गेले. पोटमाळ्यावरचा तो जुना मित्र, सख्खा साडू, जॉन थर्टल आणि जेम्स सिलेट यांना घेऊन बाहेर पडला व त्याने शहरातच दुसरे प्रदर्शन थाटले. एवढ्याशा शहरात, एकाच उन्हाळ्यात, दोन प्रदर्शने! तीन वर्षांनी ते दुसरे प्रदर्शन बंद पडले. क्रोमची संस्था टिकली खरी. तिची किंमत मात्र त्याला एका जुन्या मैत्रीने मोजावी लागली.

याच कडवट वर्षांत त्याच्या हातून सर्वोत्तम कामे झाली, हे विशेष. 'पोरिंगलंड ओक' हे चित्र त्यांपैकी एक. दुसरे 'मूसहोल्ड हीथ'. शहराला लागून असलेल्या या उघड्या माळावर पूर्वापार कोणीही गुरे चारावीत. क्रोमच्या हयातीत कायद्याने त्याच्या बऱ्याच भागावर कुंपणे पडली. चित्रात कुंपण नाही. चढण, पायवाट, थोडी गुरे, दोन माणसे आणि संध्याकाळचे सोनेरी आकाश, एवढेच आहे. जे हातचे जात होते ते त्याने मोकळेच रंगविले.

लंडनच्या अकादमीत त्याने आयुष्यात अवघी १३ चित्रे मांडली. परदेशी गेला तोही एकदाच, १८१४मध्ये, नेपोलियनने लुटून आणलेली चित्रे पॅरिसमध्ये पाहायला. एप्रिल १८२१मध्ये रॉक्सहॅमच्या जलाशयातील नौकाशर्यतीच्या चित्राची तयारी चालू असताना त्याला ताप भरला. २२ एप्रिल रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी, तो गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच्या शंभराहून अधिक चित्रांचे स्मृतिप्रदर्शन नॉर्विचमध्ये भरले. त्यांतली बरीचशी चित्रे शहरातल्या घराघरांतून मागून आणावी लागली होती.

१८२५मध्ये प्रदर्शनाची जागा पाडली गेली. १८२८मध्ये संस्थेने पुन्हा उभारी धरली, पण १८३३मध्ये ती कायमची थांबली. वडिलांचा वारसा चालविणारा मुलगा जॉन बर्नी क्रोम दिवाळखोर झाला. कॉटमन शिक्षकाच्या नोकरीसाठी लंडनला गेला. 'मूसहोल्ड हीथ' १८६२मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीने विकत घेतले आणि पुढे ते टेट संग्रहात गेले. क्रोमची इतर अनेक चित्रे मात्र नॉर्विचच्या किल्ल्यातील संग्रहालयात आहेत. मोहरीच्या व्यापारात मोठ्या झालेल्या तेथल्याच कोलमन घराण्याने ती जमवून शहराला दिली.